गणिताने उलगडलेले कोडे

सुटीच्या दिवशी ओसरीवर जमलेली मुले एकमेकांशी ‘चदीन’, ‘चरघ’ अशा शब्दांत बोलू लागली, म्हणजे नवख्या माणसाला क्षणभर काहीच उमगत नाही. शब्दाचे पहिले अक्षर उचलून शेवटी न्यावे आणि त्याच्या जागी ‘च’ बसवावा, एवढीच त्या भाषेतील मेख असते. ‘नदी’चे ‘चदीन’ होते, ‘घर’चे ‘चरघ’. ज्याला मेख ठाऊक त्याला ती भाषा सोपी. ज्याला ठाऊक नाही त्याला ती अगम्य. अर्थात धाकट्या भावंडांना ही मेख दोन दिवसांतच कळते आणि गुपित मग गुपित राहत नाही, हा घरोघरीचा अनुभव आहे.

आपले म्हणणे निवडक माणसांनाच कळावे आणि इतरांना कळू नये, ही निकड राजांना, सेनापतींना व व्यापाऱ्यांना फार पूर्वीपासून भासत आली आहे. प्राचीन भारतात चौसष्ट कलांची जी गणना केली जाई, तीत ‘म्लेच्छितविकल्प’ नावाची एक कला आहे. ठरलेल्या संकेतानुसार अक्षरांची अदलाबदल करून मूळ शब्द झाकून टाकणे, हे तिचे स्वरूप होय. रोमचा सेनानी जूलियस सीझर आपल्या पत्रांत प्रत्येक अक्षराऐवजी वर्णमालेतील त्याच्या पुढचे तिसरे अक्षर लिहीत असे. मराठीत प्रत्येक व्यंजनाच्या जागी लगतचे पुढचे व्यंजन लिहावयाचे ठरविले, तर ‘कमल’ या शब्दाचे ‘खयव’ होईल.

अशा लेखनाला सांकेतिक लिपी म्हणतात. परंतु कुलूप आले की ते उघडणाराही येतोच. नवव्या शतकात बगदादमध्ये अल् किंदी नावाचा मोठा विद्वान होऊन गेला. त्याने अशी युक्ती सांगितली, की सांकेतिक मजकुरात कोणते चिन्ह किती वेळा आले आहे ते मोजावे. प्रत्येक भाषेत काही अक्षरे वारंवार येतात, काही क्वचितच येतात. जर्मन भाषेत ‘ई’ हे अक्षर सर्वांहून अधिक येते. त्याच्या जागी कोणतेही चिन्ह योजले, तरी ते चिन्हच सर्वांहून अधिक येणार! माणसाने वेष पालटला तरी त्याची चाल पालटत नाही, तसाच हा प्रकार आहे. मजकूर पुरेसा लांब असला, की नुसत्या मोजणीने साध्या सांकेतिक लिपीचे बिंग फुटते.

ही मोजणी जेथे लुळी पडली, असे एक यंत्र विसाव्या शतकात निर्माण झाले. आर्थर शेर्बियस या जर्मन अभियंत्याने १९१८ साली त्याच्या एकस्वासाठी अर्ज केला. यंत्राचे नाव होते ‘एनिग्मा’, म्हणजेच कोडे. ते टंकलेखन यंत्रासारखे दिसे. त्याला २६ कळा होत्या आणि कळांच्या वर २६ लहान दिवे होते. कळ दाबली की विजेचा प्रवाह तारांच्या गुंतागुंतीने भरलेल्या तीन चाकांतून एकामागून एक जाई, टोकाशी असलेल्या परावर्तकावर आदळल्यासारखा होऊन दुसऱ्या वाटेने त्याच चाकांतून परत येई, आणि एका अक्षराचा दिवा लागे. ते अक्षर लिहून घ्यावयाचे. मात्र प्रत्येक कळीबरोबर उजवीकडील चाक एक घर पुढे सरकत असल्यामुळे सारी वाटच बदलून जाई. ‘ए’ ही कळ लागोपाठ तीनदा दाबली, तर बहुधा तीन वेगवेगळे दिवे लागत. मग मोजणी करावयाची ती कशाची?

जर्मन लष्कराने १९२८ साली हे यंत्र वापरात आणले, व पुढे त्यास आणखी एक जोड दिली. दोरीसारख्या तारांनी अक्षरांच्या सहा जोड्यांची आपसांत अदलाबदल करता येईल असा एक फलक यंत्राच्या दर्शनी भागी बसविला. संदेश पाठविणारा व घेणारा यांनी चाकांचा क्रम, त्यांची आरंभीची स्थिती आणि फलकावरील जोड्या सारख्याच ठेवल्या, तरच संदेश वाचता येई. ही मांडणी म्हणजे यंत्राची किल्ली. किल्ल्या किती असाव्यात? तीन चाकांचे क्रम ६ होतात. त्यांच्या स्थिती २६ × २६ × २६, म्हणजे १७,५७६ होतात. फलकावर सहा जोड्या जोडण्याचे प्रकार मात्र १,००,३९,१७,९१,५०० आहेत. म्हणजे दहा हजार कोटींहूनही अधिक! या तिन्ही संख्यांचा गुणाकार करून पाहिला, म्हणजे जर्मन अधिकारी निश्चिंत का होते हे ध्यानात येईल.

त्यांच्या शेजारच्या पोलंड देशाला मात्र निश्चिंत राहणे परवडणारे नव्हते. १७९५ साली तीन बलाढ्य शेजाऱ्यांनी पोलंडची वाटणी करून घेतली होती. तेव्हापासून १२३ वर्षे हा देश नकाशावरून पुसला गेला होता, आणि १९१८ साली पुन्हा स्वतंत्र झाला होता. एकदा गमावलेले घर ज्याला परत मिळाले आहे, तो दाराबाहेरच्या कुजबुजीकडे कान देऊन असतो. पोलंडच्या लष्करातील गुप्तलिपी विभाग जर्मन लष्कराचे बिनतारी संदेश ऐके व ते उलगडी. एनिग्मा आल्यावर ते उलगडेनासे झाले.

तोपर्यंत हे काम बहुधा भाषा जाणणाऱ्यांचे समजले जाई. पोलिश अधिकाऱ्यांनी वेगळा विचार केला. यंत्राने बनविलेले कोडे सोडवावयास गणिती हवेत, असे त्यांनी ठरविले. पोझनान हे शहर पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत जर्मनीच्या अमलाखाली होते. त्यामुळे तेथील विद्यार्थ्यांना जर्मन उत्तम येत असे. १९२९ सालच्या जानेवारीत तेथील विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक क्रिगोव्स्की यांनी वीसएक विद्यार्थी निवडले. त्यांच्याकडून गुप्ततेची शपथ घेण्यात आली, आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी सांकेतिक लिपीचे वर्ग भरू लागले. कित्येक विद्यार्थ्यांनी लवकरच अंग काढून घेतले. टिकले त्यांत तिघे पुढे नावारूपाला आले: मारियन रेयेव्स्की, हेन्रिक झिगाल्स्की आणि येझी रुझित्स्की. १९३२ च्या सप्टेंबरात हे तिघेही राजधानी वॉर्सा येथील गुप्तलिपी विभागात रुजू झाले.

त्याच वर्षी शरद ऋतूत सत्तावीस वर्षांच्या रेयेव्स्कींना एक स्वतंत्र खोली देण्यात आली. इतर सहकारी घरी गेल्यावर तेथे बसून एनिग्माचे संदेश पाहावे आणि त्याबद्दल कोणाजवळ, अगदी त्या दोघा मित्रांजवळही, बोलू नये, अशी त्यांना आज्ञा होती. त्यांच्यापुढे होते ते संदेशांचे कागद आणि बाजारात मिळणाऱ्या साध्या नमुन्याचे एक यंत्र. लष्करी यंत्राच्या चाकांतील तारा कशा जोडल्या आहेत, हे त्यांना ठाऊक नव्हते.

जर्मनांची कार्यपद्धती मात्र माहीत होती, आणि तीत एक बारीकसा दोष होता. प्रत्येक संदेशासाठी यंत्रचालक तीन अक्षरांची एक खास किल्ली स्वतःच्या मनाने निवडी. ऐकण्यात चूक होऊ नये म्हणून तो ती दोनदा, म्हणजे सहा अक्षरे, त्या दिवसाच्या मांडणीवर टंकित करी व संदेशाच्या आरंभी पाठवी. याचा अर्थ असा, की कोणत्याही संदेशातील पहिले व चौथे अक्षर एकाच गुप्त अक्षराची दोन रूपे असत. तशीच दुसरे व पाचवे, आणि तिसरे व सहावे. सुरक्षिततेसाठी केलेली पुनरुक्तीच घातक ठरावी, हा दैवदुर्विलासच म्हणावयाचा.

येथे रेयेव्स्कींना विद्यार्थिदशेत शिकलेले गणित आठवले. वस्तूंचे क्रम पालटणे म्हणजे ‘क्रमचय’. क्रमचयांचा सखोल विचार फ्रान्समधील लाग्रांज, कोशी, गॅल्वा आदी गणितज्ञांनी समीकरणे सोडविण्याच्या ओघात केला होता. त्यांपैकी गॅल्वा हा तरुण तर १८३२ साली वयाच्या विसाव्या वर्षीच मरण पावला होता. या विषयाचा कोणा सेनेला कधी उपयोग होईल, असे त्यांच्या स्वप्नीही आले नसेल.

रेयेव्स्कींची कल्पना एका लहान उदाहरणावरून समजून घेता येईल. क, ख, ग, घ, च, छ अशी सहाच अक्षरे असलेले यंत्र आहे असे समजू. परावर्तकामुळे एनिग्मात एक गुण आलेला असे. एखाद्या क्षणी ‘क’चा ‘ख’ होत असेल, तर त्याच क्षणी ‘ख’चा ‘क’ होई. म्हणजे अक्षरांच्या जोड्या जमत. समजा, पहिल्या अक्षराच्या वेळी जोड्या अशा आहेत: क–ख, ग–घ, च–छ. चौथ्या अक्षराच्या वेळी त्या अशा आहेत: क–ग, ख–च, घ–छ. आता चालकाने गुप्त अक्षर ‘ख’ निवडले, तर पहिले अक्षर ‘क’ दिसेल व चौथे ‘च’ दिसेल. चोरून ऐकणाऱ्याला ‘ख’ दिसत नाही, पण ‘क’ असता ‘च’ येते एवढे कळते. दुसऱ्या एखाद्या संदेशात त्याला ‘च’नंतर ‘घ’ दिसेल, तिसऱ्यात ‘घ’नंतर ‘क’. झाले! क, च, घ आणि पुन्हा क, अशी साखळी पुरी झाली. उरलेली अक्षरे पाहिली तर ख, ग, छ आणि पुन्हा ख, अशी दुसरी साखळी मिळते. दोन्ही साखळ्यांत तीन-तीन कड्या आहेत, हे ध्यानात घ्यावे. जोड्या निराळ्या घेऊन हा प्रयोग कागदावर करून पाहिला, तरी साखळ्यांची लांबी बदलेल, पण प्रत्येक साखळीला तेवढ्याच लांबीची जोडीदारीण मिळाल्याशिवाय राहणार नाही. हा योगायोग नव्हे. ते क्रमचयांचे एक प्रमेय आहे, आणि रेयेव्स्कींच्या साऱ्या कार्याचा पाया तेच होय.

एका दिवसात साठ-ऐंशी संदेश हाती आले, की सर्व २६ अक्षरांच्या साखळ्या जुळविता येत. साखळ्यांवरून मूळ जोड्या ओळखावयाच्या. पण समान लांबीच्या दोन साखळ्या एकमेकींशी अनेक प्रकारे जुळविता येतात. त्यांतून खरा प्रकार निवडण्यास चालकांचा आळस उपयोगी पडला. मनाने कोणतीही तीन अक्षरे निवडा असे सांगितले, म्हणजे कित्येक जण ‘ए ए ए’ किंवा ‘ए बी सी’ निवडून मोकळे होत. यंत्र कितीही चतुर असले तरी त्याच्यापुढे बसणारा माणूस कंटाळतो, हे रेयेव्स्कींनी बरोबर हेरले.

जोड्या कळल्यावर चाकांतील तारांसाठी समीकरणे मांडता आली. परंतु अज्ञाते इतकी होती, की समीकरणे सुटेनात. अशा वेळी बाहेरून साह्य आले. जर्मनीच्या गुप्तलिपी कचेरीतील हान्स-थिलो श्मिट हा कर्मचारी पैशांसाठी फ्रान्सच्या हेरखात्याला कागदपत्रे विकत असे. त्यांपैकी दोन महिन्यांच्या किल्ल्यांचे तक्ते फ्रेंच अधिकारी बर्त्राँ यांच्यामार्फत पोलंडला मिळाले व १९३२ च्या डिसेंबरात रेयेव्स्कींच्या मेजावर आले. फलकावरील जोड्या आता माहीत झाल्या, अज्ञाते घटली. तरीही उत्तर चुकतच होते. बाजारातील यंत्रात कळांपासून निघणाऱ्या तारा, कळा ज्या क्रमाने बसविल्या होत्या त्या क्रमाने पहिल्या चाकाशी जात. लष्करी यंत्रातही तसेच असावे, असे त्यांनी गृहीत धरले होते. जर्मनांना व्यवस्थितपणा प्रिय असतो, तेव्हा त्यांनी सरळ वर्णमालेचा क्रमच तर घेतला नसेल? रेयेव्स्कींनी तसे मानून पुन्हा गणित केले, आणि चाकातील तारांची जोडणी एकेक करून कागदावर उतरू लागली. न पाहिलेल्या यंत्राचे अंतरंग केवळ समीकरणांनी उघडे झाले. १९३३ च्या आरंभापासून पोलंड एनिग्माचे संदेश वाचू लागला, आणि पुढे वॉर्सात त्या यंत्राच्या हुबेहूब प्रतिकृतीही तयार झाल्या.

कुलपाची रचना कळली, तरी किल्ली रोज नव्याने शोधावी लागे. त्या दहा हजार कोटींचे काय झाले, असा प्रश्न येथे कोणीही विचारील. भोंडल्याच्या फेराची कल्पना केली तर त्याचे उत्तर मिळते. अंगणात मुलींचे दोन फेर धरले आहेत आणि प्रत्येकात तेरा-तेरा मुली आहेत. काही मुलींनी आपसांत नावांची अदलाबदल केली, तर कोणाच्या शेजारी कोण हे सांगताना नावे बदलतील. पण फेरातील मुलींची संख्या तेराच राहील. फलकावरील तारा नावांची अशीच अदलाबदल करीत. त्यामुळे साखळ्यांची लांबी फलकावर मुळीच अवलंबून नसे. ती चाकांच्या क्रमावर व स्थितीवर अवलंबून असे, आणि असे प्रकार ६ × १७,५७६, म्हणजे १,०५,४५६ च होते. जो भाग जर्मनांना सर्वांत अभेद्य वाटत होता, तोच या विचाराने बाजूला पडला. रेयेव्स्की व त्यांच्या मित्रांनी एक उपकरण बनवून या प्रत्येक स्थितीतील साखळ्यांची लांबी मोजली व पत्रांवर नोंदली. या कामास एक वर्षाहून अधिक काळ लागला. परंतु ते पुरे झाल्यावर त्या दिवशीची चाकांची स्थिती दहा-वीस मिनिटांत सापडू लागली. १९३७ च्या नोव्हेंबरात जर्मनांनी परावर्तक बदलला आणि ती सर्व पत्रे निरुपयोगी झाली. तिघे पुन्हा पहिल्यापासून मोजावयास बसले.

१९३८ च्या सप्टेंबरात जर्मनांनी किल्ली पाठविण्याची रीतच बदलली. तेव्हा रेयेव्स्कींनी किल्ली शोधणारे एक यंत्र योजिले, आणि झिगाल्स्कींनी छिद्रे पाडलेल्या कागदांची एक पद्धत काढली. एकेका कागदावर सुमारे हजार छिद्रे असत व ती दाढीच्या पात्याने कापावी लागत. असे कागद एकावर एक रचून उजेडाकडे धरले, की जेथून प्रकाश आरपार येई तेथे उत्तर असण्याचा संभव. चाकांचे क्रम सहा, म्हणून कागदांचे संच सहा हवे होते. पैकी दोन तयार झाले. तोच १५ डिसेंबरला जर्मनांनी आणखी दोन चाके आणली. पाचांतून तीन चाके निवडण्याचे व लावण्याचे प्रकार ६० होतात. सहाऐवजी साठ संच! एवढा पैसा व मनुष्यबळ पोलंडजवळ नव्हते, आणि युद्धाचे ढग तर दाटून येत होते.

तेव्हा पोलिश अधिकाऱ्यांनी एक मोठा निर्णय घेतला. २६ जुलै १९३९ रोजी वॉर्साजवळील पिरी येथील अरण्यात त्यांनी इंग्लंड व फ्रान्सच्या तज्ज्ञांना आपले सर्व काम दाखविले आणि एनिग्माची एकेक प्रतिकृती दोघांनाही देऊ केली. इंग्लंडचे डिली नॉक्स यांना कळांपासून चाकाकडे जाणाऱ्या तारांचा क्रम काही केल्या उमगला नव्हता. तो सरळ वर्णमालेचा आहे हे ऐकून त्यांना काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. यानंतर पाचच आठवड्यांनी, १ सप्टेंबरला, जर्मन सैन्य पोलंडमध्ये घुसले. तिघा गणितज्ञांनी रुमानियामार्गे देश सोडला व ते फ्रान्सला पोहोचले. कागदांचे उरलेले संच इंग्लंडमधील ब्लेचली पार्क येथे कापले गेले. ते घेऊन १९४० च्या जानेवारीत ॲलन ट्यूरिंग हे इंग्लिश गणितज्ञ रेयेव्स्कींना भेटावयास फ्रान्समध्ये आले. पुढे युद्ध संपेपर्यंत ब्लेचली पार्कमध्ये एनिग्माचे संदेश वाचले गेले. ट्यूरिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे नव्या पद्धती व नवी यंत्रे निर्माण केली, त्यांचे श्रेय निःसंशय त्यांचेच. परंतु त्यांना पहिले दार उघडलेले मिळाले होते.

तिघा मित्रांची वाट मात्र सुखाची नव्हती. ९ जानेवारी १९४२ रोजी भूमध्य समुद्रात एक प्रवासी जहाज वादळात बुडाले, त्यात रुझित्स्की गेले. ते जेमतेम बत्तीस वर्षांचे होते. रेयेव्स्की व झिगाल्स्की पिरेनीज पर्वत पायी ओलांडून स्पेनमध्ये शिरले. तेथे त्यांना कारावास घडला, आणि १९४३ साली ते इंग्लंडला पोहोचले. तेथे त्यांना दुय्यम प्रतीच्या सांकेतिक लिप्यांचे काम मिळाले. ज्या एनिग्माचे कोडे त्यांनीच प्रथम सोडविले होते, तिच्यापासून त्यांना दूर ठेवण्यात आले. युद्ध संपल्यावर झिगाल्स्की इंग्लंडमध्येच राहिले व गणित शिकवू लागले. रेयेव्स्की १९४६ साली पत्नी व दोन मुलांकडे मायदेशी परतले. पुढच्याच वर्षी त्यांचा मुलगा पोलिओने दगावला.

रेयेव्स्कींनी आपल्या जन्मगावी, बिडगोश्च येथे, हिशेबनिसाची नोकरी धरली. कचेरीत त्यांच्या शेजारी बसून जमाखर्च तपासणाऱ्यांना या गृहस्थाचा पूर्वेतिहास ठाऊक नव्हता. ते स्वतः एक अक्षरही बोलले नाहीत. १९६७ साली निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्या आठवणी लिहून काढल्या व वॉर्सातील लष्करी इतिहास संस्थेच्या स्वाधीन केल्या. १९७३ साली बर्त्राँ यांचे पुस्तक फ्रान्समध्ये प्रसिद्ध झाले, आणि एनिग्माचे कोडे पोलंडमध्ये सुटले होते ही गोष्ट तेव्हा कोठे जगापुढे येऊ लागली. रेयेव्स्की १९८० साली वारले. पोझनानमध्ये २००७ साली तीन बाजूंचे एक काशाचे स्मारक उभारण्यात आले. त्याच्या एकेका बाजूवर तिघांपैकी एकेकाचे नाव आहे, आणि उरलेली सारी जागा अंकांनी भरलेली आहे.